मुकुंदच्या नावावर

परदेशच्या नोकरीची डॉक्टरी तपासणी देऊन मुकुंद मुंबईहून परत आला तो सरळ न्हाणीत शिरला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. नलिनी चहाचा कप घेऊन दाराशी उभी राहिली. आतून नुसता पाणी पडल्याचा आवाज येत होता. डॉक्टरांनी नवऱ्याला नापास केलं, हे ती तिथंच समजली.

"छातीच्या फोटोत डाग दिसला," जेवताना तो म्हणाला. "जुना आहे, भरून आलेला आहे, म्हणून नागपूरच्या डॉक्टरचा कागद दाखवला. हातातसुद्धा घेतला नाही त्यानं. डाग म्हणजे डाग, म्हणे."

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मुकुंदला टीबी झाला होता. इंजेक्शनं, गोळ्या, नागपूरच्या चकरा, सगळं होऊन तो ठणठणीत बरा झाला होता. सौंसरच्या बसस्टँडजवळ त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. आसपासच्या संत्र्यांच्या बगिच्यांतल्या विहिरींवरचे पंप जळाले की त्याच्याकडेच यायचे. छिंदवाड्याच्या आयटीआयचं प्रमाणपत्र, हातात कसब, डोकं शांत. मस्कतच्या एका बांधकाम कंपनीसाठी नागपुरात परीक्षा झाली, तीत तो निवडला गेला आणि त्याच्या नावाचा व्हिसासुद्धा आला. गावात गोष्ट पसरली होती. नलिनीनं तर मनातल्या मनात घराला वरचा मजला चढवूनही टाकला होता. आणि आता हा डाग.

दोन-चार दिवसांनी भैय्याजी आले. हे पांढुर्ण्याचे, मुंबईच्या एका एजंटासाठी माणसं जमवायचे. पांढरा सफारी, तोंडात पान, बोलणं लोण्यासारखं. ओसरीवर बसून त्यांनी पाणी घेतलं आणि म्हणाले, "काहून सुतक पाळून राहिले तुम्ही? व्हिसा नावाचा असते, छातीचा नसते."

मुकुंदचे वडील यशवंतराव वर्तमानपत्र वाचत होते. आयुष्यभर शाळामास्तरकी केलेला माणूस. त्यांनी मान वर केली नाही, पण पान उलटायचंही थांबवलं.

"दिलीप तुमच्याच हाताखाली शिकला न?" भैय्याजी मुकुंदला म्हणाले. "दोघांचे नाकडोळे पाहा. पासपोर्टवरचा फोटो याचाच आहे म्हणून सांगा, कोण नाही म्हणेल? थोडी मिशी ठेवली का झालं. दुसऱ्या डॉक्टरकडे छातीचा फोटो तो देईल. नाव मुकुंदचं, छाती दिलीपची."

दिलीप दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मुकुंदचा धाकटा भाऊ. आयटीआय एका वर्षात सोडून दिलेला, दिवसभर शीळ घालणारा, कोणाच्याही विहिरीत उतरायला तयार असलेला. तो लगेच म्हणाला, "मी जातो."

"पकडला गेला तर?" यशवंतरावांनी एवढंच विचारलं.

"कोण पकडते गुरुजी? माणसं पाहिजेत त्यांना. चेहरे पाहायला कोणाले वेळ आहे?"

त्या रात्री मुकुंदनं नलिनीला विचारलं, तुले काय वाटते? तिला भीती वाटत होती. पण त्या भीतीच्या शेजारीच तो वरचा मजलाही उभा होता. ती म्हणाली, "दिलीपभाऊंचंही भलं होईल."

दिलीपला तयार करायचं काम नलिनीकडेच आलं. नलिनी सातवी शिकलेली, अक्षर सुरेख. दुपारी भांडी आटोपली की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसायची आणि दिलीपकडून मुकुंदची इंग्रजी सही गिरवून घ्यायची. मुकुंदच्या 'एम'चा पहिला पाय जरा लांब यायचा. दिलीपला तो जमेना.

सही झाली की ती विचारायची, "नाव?"

"मुकुंद यशवंतराव."

"काम?"

"इलेक्ट्रिशियन."

"बायकोचं नाव?"

"वहिनी."

सासूबाई देवकाबाई तांदूळ निवडता निवडता खो खो हसल्या. नलिनीनं त्याच्या हातावर चापट मारली. "तिथं असं म्हणाल तर परत पाठवतील. नलिनी म्हणा."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती या घरात आली तेव्हा तो नववीत होता. त्याच्या शर्टांच्या कॉलरी घासून घासून तिच्या बोटांना घट्टे पडले होते. "नाही म्हणत मी तुमचं नाव," तो म्हणाला. शेवटी पाटीवर लिहून दाखवलं त्यानं, पण तोंडानं म्हटलं नाही. मुंबईत त्याच्या छातीचा फोटो पास झाला, बायकोचं नाव तर कोणी विचारलंही नाही.

दुकानात मुकुंदनं त्याला पॅनल, स्टार्टर, तीन फेजची जोडणी, सगळं पुन्हा शिकवलं. दिलीपला एक खोड होती. तारेत वीज आहे का ते तो हाताच्या मागच्या बाजूनं चाचपून पाहायचा. झटका बसला की हसायचा. मुकुंद चिडायचा. "टेस्टर कशाले दिला तुले? खिशाची शोभा म्हणून?"

"हो दादा, तिथं लावीन."

दसऱ्यानंतर तो लहान लाईनच्या गाडीनं नागपूरला गेला, तिथून मुंबईला. गावाला सांगितलं की मुकुंदला जमलं नाही, म्हणून धाकट्यानं स्वतःचा वेगळा व्हिसा काढला. लोकांनी मानलं. दिलीपची पत्रं यायची. गर्मी फार, जेवण बरं, खोलीत आठ जण. एका पत्रात त्यानं लिहिलं होतं, "इथं सगळे मला मुकुंद म्हणून हाक मारतात. आधी आधी मी मागं वळून पाहतच नव्हतो. लोक समजले मी बहिरा आहे." यशवंतरावांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सगळे हसले.

मे महिन्यात तार आली. तारवाला नवा होता, तो ती घेऊन सरळ दुकानात गेला आणि मुकुंदच्या हातात देऊन सही घेऊन निघून गेला. इंग्रजी तार. मुकुंद यशवंतराव कामावर असताना विजेच्या अपघातात मरण पावले, पत्नीला कळवावे.

मुकुंद दुकान उघडंच टाकून घरी आला. नलिनी अंगणात कुरडया वाळत घालत होती. तो तिच्यासमोर उभा राहिला. कागद तिच्याकडे धरला. तिला इंग्रजी अडखळत वाचता यायचं. तिनं पहिल्यांदा नवऱ्याचं नाव वाचलं आणि पुढचा शब्द वाचला. क्षणभर तिला काहीच अर्थ लागेना. नवरा तर समोर उभा होता. मग अर्थ लागला आणि ती कुरडयांवरच खाली बसली.

देवकाबाईंना कोणी सांगितलं, कसं सांगितलं, हे पुढं कोणालाच आठवेना. त्यांचा आवाज तेवढा शेजारच्या आळीपर्यंत गेला. गाव जमलं. दिलीप गेला म्हणून जो तो रडत होता, आणि घरातल्या कागदावर मात्र मुकुंद मेला होता.

भैय्याजींना बोलावणं गेलं. या वेळी सफारीही चुरगळलेला होता आणि तोंडात पानही नव्हतं. ते हळू आवाजात म्हणाले, "बॉडी आणता येते. कंपनी पाठवायला तयार आहे. पण बायकोचा कागद पाहिजे. तहसीलदारासमोर सही केलेला. मी मयताची पत्नी, माझ्या नवऱ्याचं प्रेत माझ्याकडे पाठवा, असा."

"आणि खरं सांगितलं तर?" यशवंतरावांनी विचारलं.

"तर तो माणूस कोण, हेच ठरणार नाही गुरुजी. चौकशी, पोलीस. तोवर तिथले लोक त्याले तिथंच मातीत घालतील. मुकुंदनावाच्या माणसाची कबर. आणि हा मुकुंद तुरुंगात."

"अन् तू?" मुकुंद ओरडला. "तू कुठं जाशील?"

तहसील कचेरीत कुंकू लावून, मंगळसूत्र घालून विधवेचा कागद देता येत नाही, हे नलिनीला कोणी सांगायची गरज नव्हती. तिनं मुकुंदकडे पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. तेव्हा आतून देवकाबाई आल्या. चार दिवसांत बाई निम्मी झाली होती. जिवंत नवऱ्याचं कुंकू पुसायचं म्हणजे काय, हे घरात सगळ्यांत जास्त त्याच मानणाऱ्या. त्यांनी सुनेच्या पायांशी बसून तिचे दोन्ही हात धरले.

"नलू, माझ्या पोराले घरी आण. त्याले परक्या मुलखात मातीत नको घालू देऊ. पाप लागलं तर मले लागो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नलिनीनं न्हाणीत आरशासमोर कुंकू पुसलं. मंगळसूत्र काढून तिनं सासूच्या ओच्यात टाकलं. बांगड्या फोडायच्या नाहीत, उतरवायच्या, असं देवकाबाईंनी बजावलं होतं. पण उतरवता उतरवता दोन बांगड्या फुटल्याच. मुकुंदला पहाटेच पांढुर्ण्याला बहिणीकडे पाठवून दिलं होतं. कचेरीपर्यंत ती पदर डोक्यावरून कपाळाखाली ओढून सासऱ्याच्या मागं चालत गेली.

तहसीलदार रीवा बाजूचे, नवीन बदलून आलेले. त्यांचे बाबू मधुकर मात्र बोरगावचे; त्यांच्या शेतातला पंप मागच्याच महिन्यात मुकुंदनं दुरुस्त करून दिला होता. त्यांनी कागद वाचला. नलिनीकडे पाहिलं, यशवंतरावांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. यशवंतरावांनी हात जोडले नाहीत की काही म्हटलं नाही. फक्त खालचा ओठ दातांत धरला. एकेकाळी मधुकर त्यांचेच विद्यार्थी होते. मधुकरनी कागद उचलला आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

तहसीलदारांनी तिला खुर्ची दिली. स्वतः उठून माठातलं पाणी आणून दिलं. "बेटी, जल्दी नहीं है," ते म्हणाले. "पति का नाम?"

मारलं असतं, रागावले असते तर तिनं निभावून नेलं असतं. पण ते पाणी तिच्यानं गिळवेना. "मुकुंद यशवंतराव," ती म्हणाली.

"कितने साल हुए शादी को?"

"सहा."

"बच्चे?"

"नाहीत."

"घर में और कौन है?"

"सासू, सासरे. आणि एक दीर." तिनं पेला खाली ठेवला. "दिलीप."

नाव तोंडातून गेलं आणि ती जी रडली, ती कोणालाच आवरेना. साहेबांनी डोळे पुसले, शिक्का मारला. सगळा कागद खोटा होता. रडणं तेवढं खरं होतं. घरी येऊन तिनं सासूच्या हातातून कुंकवाचा करंडा घेतला, पण पूर्वीसारखं ठसठशीत कुंकू तिला पुढं कित्येक दिवस लावताच आलं नाही.

प्रेत घ्यायला मुंबईला मुकुंद गेला. भाऊ म्हणून. विमानतळाच्या मालाच्या गोदामात त्याला सही करायची होती, दिलीप म्हणून. त्यानं नंतर तुकड्यातुकड्यांनी नलिनीला सांगितलं: पेटी लाकडाची होती, तिच्यावर काळ्या रंगानं मोठ्या अक्षरांत त्याचं नाव घातलेलं होतं. शेजारी कोणाचे टीव्ही, कोणाचे पंखे उतरवत होते. कारकून म्हणाला, तुमच्या भावाचं नाव वाचून खात्री करून घ्या. त्यानं वाचलं आणि मान हलवली.

जीप सौंसरला पोचली तेव्हा दुपार होती. नावावर चादर टाकूनच पेटी अंगणात उतरवली आणि उघडली. चेहरा तसाच होता, मिशी चांगली भरली होती. उजव्या हाताला मात्र पांढऱ्या कापडाची जाड गुंडाळी होती. पेटीबरोबर कंपनीचा कागद होता. मयत हा प्रमाणपत्रधारक अनुभवी इलेक्ट्रिशियन असून, मेन बंद केल्यावर जनरेटरकडून येणारी वीज चालू आहे का, हे त्यानं न तपासता पॅनलला हात लावला, असं त्यात लिहिलं होतं. मुकुंदनं तो कागद वाचला आणि देवकाबाईंनी तो वाचताना त्याला पाहिलं.

"काय लिहिलं?"

त्यानं सांगितलं.

"तू असता तिथं," देवकाबाई म्हणाल्या, "तर हात लावला असता?"

अंगणात इतकी माणसं होती. कोणीतरी "मावशी, आता कशाले" म्हणालं.

"नसता लावला," मुकुंद म्हणाला.

देवकाबाईंनी मान डोलावली. त्यानंतर त्या मुकुंदशी बोलल्या नाहीत. ताट वाढत, पाणी ठेवत, पण बोलत नसत.

दहावा झाला, तेरावा झाला. पावसाळा लागला. एक दिवस मधुकर संध्याकाळचे मागच्या दारानं आले. "गुरुजी, मी तोंड उघडलं नाही, उघडणार नाही," ते म्हणाले. "पण कागद वर गेला आहे. मुकुंद मेला, अशी नोंद झाली. दुकानावरची पाटी उतरवा. राशनकार्डावरून नाव कमी करा. आजपासून याले दिलीप म्हणा, चारचौघांत म्हणा. दुसरा रस्ता नाही."

पाटी उतरली. गिऱ्हाइकं दुकानाशी येऊन 'मुकुंदभाऊ' म्हणून हाका मारायची, तेव्हा तो आत जाऊन बसायचा.

श्रावणात नलिनीला उलट्या सुरू झाल्या. सहा वर्षं वाट पाहिलेलं मूल आता आलं होतं. तिनं मुकुंदला सांगितलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद उमटला आणि लगेच विझला. कागदावर तो आठ महिने मस्कतला होता, आणि नंतर मेला होता.

यशवंतरावांनी विचार करून ठेवला होता. त्यांनी नलिनीला समोर बसवलं. "दिराशी पाट लावला, असा एक कागद करू. इकडे अशी लग्नं होतात, कचेरीत कोणी बोट ठेवणार नाही. मूल दिलीपच्या नावावर लागेल. शेवटी कागद तो कागद. घरात तर तुझा नवरा तोच आहे."

नलिनी सासऱ्यासमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती. "मामाजी," ती म्हणाली, "दिलीपभाऊंनी थट्टेतसुद्धा माझं नाव घेतलं नाही. त्यांची बायको म्हणून मी सही करणार नाही."

"मग काय करतेस?"

"त्यांच्यासाठी एक खोटी सही केली, ते घरी यावेत म्हणून. आता ही केली तर ते मेलेच नाहीत, असं होईल. कागदावर जगत राहतील. राशन घेतील, मतं टाकतील. त्यांच्या नावाचा मेलेला माणूस कुठंच राहणार नाही."

"मुकुंद तुरुंगात जाईल."

"हो."

"तू पण जाशील. पोटुशी आहेस."

आतल्या खोलीच्या दारात मुकुंद उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो येऊन तिच्या शेजारी बसला. "उद्या जाऊ," तो म्हणाला.

तहसीलदारांनी पहिल्यांदा तिलाच ओळखलं. ते उठू लागले, मग तिच्या कपाळावरचं कुंकू त्यांना दिसलं, मग शेजारचा माणूस. मुकुंदनं नाव सांगितलं. साहेब एकदम खाली बसले. "मैंने तुझे पानी पिलाया था," ते तिला म्हणाले. त्यांच्या आवाजात रागापेक्षा दुसरंच काही होतं, आणि तेच तिला जास्त लागलं. मधुकर टेबलाशी पुतळ्यासारखे उभे होते. मुकुंदनं त्यांच्याकडे नजरही वळवली नाही. बाबूंना काही माहीत नव्हतं, असंच त्यानं जबानीत सांगितलं.

मुकुंदला त्याच दिवशी धरलं. नलिनीला जामिनावर सोडलं, तिच्या अवस्थेकडे पाहून. भैय्याजी पांढुर्ण्याहून नाहीसे झाले; मुंबईच्या एजंटाच्या पत्त्यावर पोलीस गेले तेव्हा तिथं कपड्याचं दुकान होतं. छिंदवाड्याच्या तुरुंगातल्या ओलीनं मुकुंदचा खोकला परत आला. तुरुंगाच्या डॉक्टरनं फोटो काढला. या वेळचा डाग जुना नव्हता.

मुलगी झाली तेव्हा तो आतच होता. सौंसरच्या दवाखान्यात नर्सनं बापाचं नाव विचारलं आणि नलिनीनं सांगितलं. नर्स गावचीच होती. तिनं लेखणी थांबवून वर पाहिलं आणि मग लिहिलं.

यशवंतरावांनी दिल्लीला अर्ज केले, मस्कतच्या कंपनीला अर्ज केले, की मेलेल्याचं नाव दुरुस्त करा, तो माझा धाकटा मुलगा होता. आपल्या वळणदार अक्षरात, शाळेत शुद्धलेखन घालत तसे. कुठूनही उत्तर आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मुकुंदला जामीन मिळाला. नलिनी मुलीला घेऊन छिंदवाड्याला त्याला आणायला गेली. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला, हाडांचा सापळा झालेला. मुलीला त्यानं हातात घेतलं नाही. "खोकला आहे," म्हणाला. सिलेवानीचा घाट लागला. वळणावळणावर बस कलली की मुलगी त्याच्याकडे झुकायची आणि तो अंग चोरून घ्यायचा.

"त्या दिवशी बाबांचं ऐकलं असतं, तर आज मी दुकानात असतो," तो म्हणाला.

"असते."

"तुले पस्तावा नाही होत?"

नलिनीनं बाहेर पाहिलं. उन्हानं करपलेली झुडपं मागं पळत होती. "रोज होते," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. रामाकोन्याला बस थांबली, माणसं उतरली, चढली. मुलगी भुकेनं रडू लागली, तेव्हा नलिनीनं पदर ओढून तिला पाजायला घेतलं. मुकुंदनं उठून खिडकी लावली, धूळ येत होती म्हणून, आणि तोंडावर रुमाल धरून मागच्या बाकावर जाऊन बसला.